पाच दात

बेनेदिता, तुझा फोटो मी पावाच्या दुकानात पाहिला.
गल्ल्यावरच्या पोरानं मोबाइल पुढे धरला,
"आदेलिनो, भाचीनं घर घेतलं की तुमच्या!"
तू हसतेयस, नखांना डाळिंबी रंग,
आणि चिमटीत, भर उन्हात, किल्ली.
खाली लिहिलंयस : अखेर आमचं.
दोनशे अकरा जणांनी बदाम टाकलेत त्यावर.

मी बदाम मोजले नाहीत, ते पोरानं सांगितलं.
चव्वेचाळीस वर्षं किल्ल्या घासतोय मी,
माझी नजर आता माणसाच्या तोंडावर ठरत नाही,
घसरते आणि दातांवर जाते. किल्लीच्या.
तीन. पाच. दोन. दोन. चार.
सुटे पैसे परत मिळेपर्यंत पाठ झाले.

तुझ्यामागे भिंत. निळ्या फरशा,
कडेनं पिवळी वेल, आणि एक फरशी उलटी बसवलेली.
आमच्या पोर्तोत निळ्या भिंती पैशाला पासरी,
पण ती उलटी फरशी मिरागायात एकाच दारापाशी आहे,
नदीकडून वर चढताना उजव्या हाताला.
मला ठाऊक आहे. टपालवाल्याला ठाऊक आहे.
आणखी कुणाला, ते तुला ठाऊक नाही.

गुरुवारी तू लिहिलंस : चार दिवस समुद्रावर, फोन बंद!
बरं.

कोरी किल्ली ऐंशी सेंटची,
मशीनवर दीड मिनिट.

खरं सांगतो, तो चढ चढताना मला लाज वाटत होती,
चोराला वाटत नसेल एवढी.
वरच्या खिडकीत शेजारीण चादर वाळत घालत होती,
तिनं मान हलवली, मीही हलवली.
म्हाताऱ्याच्या हातात किल्ली असली
की त्याला कुणी काही विचारत नाही.
कुलूप जरा अडलं, मग वळलं.
दार बोटभर उघडलं. ओल्या रंगाचा वास आला,
आत कुठंतरी फ्रिज गुणगुणत होता, एकटाच.
मी आत पाऊल टाकलं नाही.
दार ओढून घेतलं, दोनदा हलवून पाहिलं.

आमचे उस्ताद किटेरियो म्हणायचे,
किल्ली करणाऱ्यानं पत्ता विचारू नये.
ज्याच्याकडे दात आहेत त्याच्याकडे दार नको.
एखादं गिऱ्हाईक आपणहून घराचं सांगू लागलं
की ते मशीन सुरू करायचे,
नुसता आवाज व्हावा म्हणून.

आणि तुझी आजी.
हुकूमशाहीचे दिवस, पत्रं वाफेवर उघडली जायची,
फ्रान्समधल्या भावाला लिहिताना ती लिफाफ्याच्या घडीत
आपला एक केस ठेवायची. तो आहे की गेला,
यावरून भावाला कळायचं.
पत्रात काय? कांद्याचा भाव. माझ्या बापाचा खोकला.
"त्यात लपवण्यासारखं काय आहे?" मी विचारलं होतं,
तू मागे मला विचारलंस, अगदी त्याच सुरात.
ती म्हणाली, "खोकला त्याचा आहे."

म्हणून काल तुझ्यासमोर ती किल्ली ठेवली.
तू हसलीस. मग हसायची थांबलीस.
मग सवयीनं हात फोनकडे गेला,
"मामा, हे सगळ्यांना सांगायलाच हवं,"
आणि बोटं तिथंच थबकली.
फोन उपडा ठेवलास टेबलावर.
किल्ली मुठीत एवढी आवळलीस
की तळहातावर पाच दात उमटले.

कुलपाचा गाभा काढून मंगळवारी दुकानात आण,
बदलून देतो. पैसे पूर्ण घेईन, भाची म्हणून सूट नाही.
किल्ल्या दोनच मिळतील.
पत्ता मात्र सांगू नकोस,
मी तो विसरायच्या प्रयत्नात आहे.