दुसऱ्या मात्रेवर

लुशियस टॅरंटला मी पहिल्यांदा पाहिलं ते बेस वाजवताना नाही,
लॅकवानाच्या पोलाद कारखान्यात, भट्टीवाल्यांच्या कॅन्टीनमध्ये,
उकडलेलं अंडं सोलताना.
इतक्या जाड बोटांनी, इतकं अलगद,
की कवच सलग सुटून आलं
आणि मी, प्रयोगशाळेतला नवा माणूस,
माझा डबा उघडायचा विसरलो.
"बघतोस काय? शुक्रवारी ये," तो म्हणाला,
"मासळीच्या दुकानावर."

मासळीच्या दुकानावर म्हणजे खरंच मासळीच्या दुकानावर.
जिन्यात हळद न लागलेल्या माशांचा वास,
वर सोळा टेबलं, एक कलंडलेला पियानो,
त्याच्या एका पायाखाली टेलिफोन डिरेक्टरी,
आणि खिडकीबाहेर बफेलोचा तो बर्फ
जो नोव्हेंबरात येतो आणि
घरजावयासारखा जायचं नाव काढत नाही.

त्या रात्री अर्लीन प्रुइट गायली.
दिवसा ती तिसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवायची.
शब्द मुद्दाम उशिरा टाकायची,
जणू बस सुटतेय आणि बाईंना घाई नाही,
आणि दर वेळी बस मिळायचीच.
मला इंग्रजी यायचं. तिचं अर्धंच कळलं.
तरी सबंध गाणंभर
मी चष्मा पुसत बसलो.

मी समेची वाट पाहणारा माणूस.
इचलकरंजीत काकांच्या तबल्यापुढे शिकलेला:
सम आली की मान खाली, वाहवा बाहेर.
इथेही तेच केलं. एकवर मान. दर वेळी एकवर.
मध्यंतरात टॅरंट घाम पुसत शेजारी बसला,
टेबलावर बोट आपटत म्हणाला,
"एक सगळ्यांनाच ठाऊक असतो रे,
त्याला कशाला सलाम?
दोनवर ये. दोन बिचारा एकटा असतो."

घरी सांगितलं तर शालन म्हणाली,
"बरी मात्रा लागू पडली तुम्हाला."

त्याच्याकडे बेस होता, माझ्याकडे डॅटसन.
बेस आत घालणं म्हणजे
रुसलेल्या वरमाईला मांडवात आणणं.
पुढची सीट पाडून, मान दोन सीटांच्या मधून,
टोकाची ती लाकडी गोगलगाय थेट माझ्या कानाशी.
टॅरंट मागे, अंग चोरून:
"तिला पुढे बसू दे. तिला गाडी लागते."
रुळांवरून गेलो की तारा आपोआप घुमायच्या,
पोटातून, खोल,
आणि तो डोळे मिटून सांगायचा,
"ए. जरासा उतरलाय."
सहा हिवाळे.
त्याच्या हातून याहून चांगलं मी काही ऐकलं नाही,
आणि हे तर त्याच्या हातचंही नव्हतं.

त्र्याऐंशीत भट्ट्या विझल्या.
त्याला पेन्शन मिळालं, तेही अर्धं,
मला ओहायोत नोकरी.
पत्र लिहीन, लिहीन म्हणत राहिलो.
लिफाफ्यावर पत्ता घातला होता, एवढं खरं.

अकरा वर्षांनी अर्लीनबाईंचा फोन.
शेवटी बोटं चालत नव्हती म्हणाल्या,
पांघरुणाखाली पाय मात्र चालायचा.
"दोनवर?" मी विचारलं.
त्या गप्प झाल्या.
बरोबर जेवढा हवा तेवढा उशीर केला
आणि म्हणाल्या, "मग आणखी कशावर?"

आता क्लीव्हलंडला, मंडळाच्या बैठकीत,
कुणी तरुण गायक पुण्याहून आलेला असतो,
तान फिरून समेवर येते,
सगळ्यांच्या माना एकदम खाली जातात,
वाऱ्यातल्या कणसांसारख्या.
माझी जाते एक मात्रा मागून.
शेजारचे गोगटे कोपर मारतात.