जिथं शिक्का उमटत नाही

आमच्या शाळेत देशाचा एक रबरी शिक्का आहे.
माझ्याआधी नाकाडी सर, त्यांच्याआधी कुणी पाच्छापुरे मास्तर,
तिघांच्या तळव्यांनी लाकडी मूठ गुळगुळीत झालीय.
वरचा डोंगराळ काठ अजून ठसठशीत येतो,
कच्छचा कोपराही,
फक्त डाव्या किनाऱ्यापासून बोटभर आत,
नेमकं आपण बसलोय तिथं,
रबराचा टवका उडालाय.

"सर, आपण कुठं?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
मी सांगतो, पेन्सिलीनं काढा.

आज प्राकृतिक रचना.
खडू आडवा धरून मी सह्याद्री ओढला.
पश्चिमेला उतार तीव्र, पूर्वेला मंद:
हे परीक्षेला येतं, खाली रेघ मारा.
काळी मृदा म्हणालो तशी लगमव्वा हसली.
तिचं आजोळ बैलहोंगलकडं,
तिथली माती चपलेला धरून बसते,
जाऊ नको म्हणते.
कणकुंबीत घोंगडं वाळत नाही, अथणीत घागर भरत नाही,
आणि दोन्हीकडच्या मास्तरांचा पगार
एकाच जिल्ह्यातून निघतो.

स्वाध्याय: आपल्या परिसरातील व्यवसाय लिहा.
परवीननं लिहिलं, निपाणीची तंबाखू,
आणि कंसात, मावशीच्या हातांचा वास साबणानं जात नाही.
मष्णूचे वडील उद्यमबागला लोखंड ओततात,
कुठल्या यंत्राचा भाग, ते त्यांनाही ठाऊक नाही.
वडगावचे माग आले, खानापूरची कौलं आली
(सगळ्यांनी एकदम वर पाहिलं).
एका वहीत नुसतं होतं:
"गोव्याला जाणे."
लाल पेन उघडलं होतं मी.
परत टोपण लावलं.

मातृभाषेच्या रकान्यात मष्णू अडला.
"भांडताना मराठी, बाजारात कन्नड.
आई म्हशीशी काय बोलती, ते बघून सांगतो."

मग जलविभाजक.
दोन नद्यांची खोरी वेगळी करणारा उंचवटा.
लिहा.
शेवटच्या बाकावरून सातेरी उठला,
घाटमाथ्यावरच्या वाडीतून पहाटेच्या बसनं येणारा,
वर्षभरात 'हजर' सोडून दुसरा शब्द न बोललेला.
"खरं सर, तसलं आमच्या घराला हाय की."
"काय आहे?"
"पुढच्या दारात आई भांड्याचं पाणी वतती
ते वहाळातनं मलप्रभेला जातंय.
मागच्या दारातलं खाली म्हादईला."

वर्ग हसला.
मी फळ्याकडं वळलो, तोंड लपवायला असेल,
आणि बोटानं त्या पाण्यामागं निघालो:
सौंदत्तीचं धरण, पुढं कृष्णा,
आंध्रातली भातशेतं, बंगालचा उपसागर.
दुसरं बोट घाट उतरलं,
म्हादईची मांडवी झाली,
पणजीच्या पुलाखालून अरबी समुद्र.
एकाच ताटातली नाचणीची राख-पाणी,
आणि मध्ये अख्खा देश.
वीस वर्षं शिकवतोय. मला हे दिसलं नव्हतं.

"मग आई ठरवती कसं, कुठं वतायचं?" लगमव्वानं विचारलं.
"जिकडं ऊन आसंल तिकडं."
सातेरी बसता बसता थांबला.
"आणि बा गोव्यात कामाला आसला की मागल्या दारात.
म्हणती, तिकडं तर जाऊ दे."

कुणी हसलं नाही.
घंटा झाली नव्हती, तरी मी शिक्का काढला,
शाईच्या गादीवर दाबला,
एकेक वही पुढं सरकत गेली,
एकेक देश, डाव्या बाजूला पांढरा डाग घेऊन.

सोमवारी वह्या तपासल्या.
कुणी ठिपका दिलेला, कुणी बेळगाव लिहून सोडलेलं.
सातेरीनं त्या डागात घर काढलं होतं,
कौलारू, दोन दारांचं,
एका भिंतीचं टोक गोव्यात,
दुसऱ्याचं पार विजापूरच्या पुढं.
"प्रमाण कुठाय रे?" मी विचारलं.

"बसंना सर," तो म्हणाला,
"जरा मोठं झालं."