रेग्युलेटर

ब्रेकनच्या बाजारामागे माझं दुरुस्तीचं दुकान.
गिऱ्हाइकं विचारतात: रेग्युलेटर घालावा का? पैसे वसूल होतात?
मी एम्रिसकडे बोट दाखवायचो.

त्याच्या एअर रायफलीत तो नव्हताच कधी.
एकशेनव्वद बारला छर्रा जरा खाली,
दीडशेला सरळ, ओळंबा धरल्यासारखा,
एकशेदहाला पुन्हा मान टाकणार.
सगळं तोंडपाठ. कितव्याला किती वर धरायचं,
कोठारातल्या उंदरांनाही ठाऊक असावं.
"श्वास यंत्रानं मोजायचा, मग मी काय करायचं?"

परवा आला. रायफल टेबलावर ठेवली.
टोपी काढली, पुन्हा घातली.
"बसव तो."
मी बघतच राहिलो.
"कितवा ते आठवत नाही रे आता.
चौथा, की चौदावा.
सकाळी मेगनसाठीही चहा ओतला."
मेगनला जाऊन सहा वर्षं झाली.

एवढासा पितळी तुकडा, वॉशरांची चळत.
एकशेतीसवर लावला.
कडक थंडीत सील गळतं कधीकधी, तेही सांगितलं.

मग मागच्या अंगणात चाळीस झाडले त्याने.
ओठांत मोजत होता तरीही.
सतरावर अडला,
पुन्हा एकपासून धरलं.
छर्रे जात राहिले
त्याच एका भोकातून.