चार बोटं अंतर

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा हलगेकर
नामिबियाहून आलेली यादी घेऊन आला.
भाड्याच्या रायफली, दुर्बिणी, दिवसाचे दर.
"आप्पा, तुम्हीच सांगा. कुडू मारायचाय.
ओरिक्स पण. झालंच तर एखादा झेब्रा."
झालंच तर हे त्यानं
भाजीवर कोथिंबीर मागावी तसं म्हटलं.

आप्पांनी यादी माझ्या हातात दिली. वाच.
थर्टी-ओ-सिक्स. थ्री हंड्रेड मॅग्नम. थ्री सेव्हंटी फाइव्ह.
बावीस वर्षं पलटणीत आर्मरर,
मग कॅम्पातलं हे दुकान,
खानापूरकडच्या डुकरं हाकायच्या बंदुका,
इलेक्शन आलं की चौकीत जमा होणाऱ्या
आणि परत येताना गंज घेऊन येणाऱ्या.
कुडू त्यांना हलगेकरच्या फोनवरचा.
तोही मीच सांगितला:
अंगावर चुन्याच्या रेघा, शिंगं गिरमिटासारखी.
"गिरमिट," म्हणाले आप्पा, आणि खूश झाले.

"खांदा दाखव."
रिकामा दस्ता त्याच्या कोपराच्या वळणात टेकवला,
बोटानं ट्रिगरची जागा चाचपली.
"मॅग्नम कशाला रे? धक्क्याच्या भीतीनं
चाप ओढायच्या आधीच डोळे मिटशील.
सोसते ती घे. सिक्स घे."

मग गच्चीवर.
नुसती दुर्बीण, खाली बंदूक नाही.
किल्ल्याच्या तटावर एक शेळी चरत होती.
"डोळा लावू नकोस काचेला. चार बोटं अंतर."
आप्पांच्या भुवईवर अर्धा चंद्र आहे,
एकोणऐंशी सालचा, तीन बोटांचा.
"नवावर फिरव. काय दिसुलंय?"
"शेळी. तिचा कान. पण सगळं हलुलंय."
"ती नाही हलत. तू हलुलास.
मोठं केलं की थरथर पण मोठी होते.
पुढचा पाय अंगात शिरतो तिथनं वर ये,
तिसऱ्या हिश्शावर थांब. थांबलास?"
"हो."
"आता तीनावर आण."

हलगेकर बराच वेळ बोलला नाही.
"पोरगं हाय," म्हणाला.
"शेळीच्या मागं. दोरी धरून बसलंय."
"मग तीनच," आप्पा म्हणाले.
"शिकारीला बाजूचं दिसायला लागतं."

त्यानं पैसे विचारले. आप्पांनी हात हलवला.
यादीवर मी पेन्सिलीनं दोन खुणा केल्या,
जिन्यावर त्याचे बूट वाजत गेले,
खाली गाडीचं दार.

आप्पा तिथंच उभे, दुर्बीण डोळ्याशी,
अंतर अगदी बरोबर, चार बोटं.
तोंड मात्र किल्ल्याकडे नव्हतं,
शेजारच्या पत्र्यांकडे होतं.
"शेळी हाय काय गं अजून?"
तटावर आता नुसतं गवत होतं.
"हाय," म्हटलं.
"आणि पोरगं?"
"ते पण."
"बरं," म्हणाले. काचेवर टोपण बसवलं,
एकदा चुकलं, दुसऱ्यांदा बसलं.
"जाऊन चहा ठेव."