लांबचा आधी

एका रात्री सव्वाअकराला, गच्चीवर बसून,
मी आमच्या जाळ्याचा चॅनेल बदलला.
अशोक चौकात गोंगाट फार, घराघराचं वायफाय
एकमेकांच्या बोलण्यात बोलतं.
म्हटलं, थोडं वर सरकू, तिथं निवांत आहे.
आधी टाकीवरचा नोड बदलला, मग माझा.
टाकीपलीकडे कुंभारी, कुंभारीपलीकडे वळसंग,
एकमेकांच्या खांद्यावरून निरोप देणारे दोन डबे.
आपण बिऱ्हाड हलवलं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.
त्यात टाकीच्या पत्त्यात बोट घसरलं, एक आकडा जास्त.
स्क्रीनवर चार नावं होती.
एक उरलं. माझं.

श्रीशैल गड्डमचा रोज फोन:
"काय करलालायस बे, वळसंग दिसंना."
मी म्हणायचो, हवा. मी म्हणायचो, उन्हानं बॅटरी.
हवेच्या नावावर काहीही खपतं.

टाकीची किल्ली इरण्णा व्हॉल्व्हमनकडे,
आणि तो भेटतो पाणी सोडायच्या दिवशी, म्हणजे पाचव्या.
पहिला पाचवा दिवस चुलतभावाच्या लग्नात गेला.
दुसऱ्याला गाठलं.
सकाळचे सात, आणि शिडी तेव्हाच तापलेली.
लॅपटॉप पाठीला, केबल गळ्यात,
खिशात फणीची एक दाती, पातळ, पोलादी,
बाबांच्या मागाची. माग भंगारात गेला,
फणी आईनं कशाला ठेवली, विचारू नका.

डब्याच्या पोटाला सुईच्या नाकाएवढं भोक,
आत बटण. दाती घालून दाबायचं, वीज जोडायची,
आणि सोडायचं नाही.
मी मोजतो तेलुगूत. शाळा मराठी, शिव्या कन्नड,
पण मोजणं आईकडून आलं, विड्यांच्या कट्ट्यांबरोबर:
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.
पंधराच्या पुढं कधीतरी दिवे आलटूनपालटून लागतात,
लाल, हिरवा, लाल.
तेव्हा सोडायचं. आधी सोडलं तर तो जुनंच धरून बसतो.
मी आधी सोडलं. दोनदा.
तिसऱ्यांदा घाम डोळ्यात उतरला तरी बोट हललं नाही.

लॅपटॉपनं हाक मारली:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, वीस.
उत्तर नाही.
उत्तर नाही.
उत्तर नाही.
उत्तर. एक मिलिसेकंद.

इरण्णा अर्ध्या शिडीवर तंबाखू मळत बसलेला.
"चुकलं कुठं?"
सांगितलं, जवळचा आधी फिरवला.
खाली कुणी नाही बघून तो थुंकला.
"मी नवा होतो तेव्हा हेच केलं.
जवळचा व्हॉल्व्ह आधी उघडला.
शेवटच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन
माझ्या घरी बसल्या, रात्री दहापर्यंत.
लांबचा आधी, मालक."

मी नवा चॅनेल घातला नाही.
तोच जुना घातला, गजबजलेला, आणि थांबलो.
कुंभारी आलं.
अर्ध्या मिनिटानं वळसंग,
नावापुढं लिहिलेलं: सलग चालू, तीनशे बारा दिवस.
म्हणजे तो कुठं गेलाच नव्हता.
शाळेच्या छपरावर, उन्हात,
दर थोड्या सेकंदांनी सांगत होता, मी आहे, मी आहे,
आणि कुंभारी त्याला उत्तरही देत होतं.
दोघांचं बरं चाललं होतं.

श्रीशैलला फोन लावला. हवेचं बोललो नाही.
"माझ्यामुळं गेलता."
"ठाऊक आहे बे, पहिल्याच रात्री. लॉगात वेळ दिसते की."
अकरा दिवस त्यानं तरी रोज विचारलं.

मग वळसंग. मग कुंभारी. मग टाकी.
नव्या जागी जाताना प्रत्येक जण
स्क्रीनवरून पुसला जातो, आणि तेवढा वेळ
हात मांडीखाली दाबून बसावं लागतं.

खाली चाक फिरलं, पाईप गुरगुरला,
लोखंडातून पाणी उतरताना तळव्यांना कळलं.
"वळसंग सुटलं का?" खालून आवाज.
"सुटलं."
"मग उतर. ऊन वाढलालंय."