डब्यांचे वार

तिसऱ्यांदा पाठवला पोर्टफोलिओ
तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.
पहिल्या वेळी सगळ्या डंडीला सांगून बसलेले,
म्हणजे ऑफिसातल्या चौघांना
आणि लॉकीत केस कापणाऱ्या ग्रेटाला.
नकार आला तेव्हा पाचही जण एका सुरात म्हणाले,
त्यांचंच नुकसान.
नुकसान कुणाचं ते मला ठाऊक होतं.

बारा कामं मागतात. बाराच.
आत साडेतीनशे जण, जगभरातले,
एकमेकांची कामं बघतात, एकमेकांना कामं देतात,
वर्षातून दोनदा दार उघडतात
पत्र सरकेल इतपत.

पहिल्या वेळी दातांच्या दवाखान्याची पत्रकं पाठवली
आणि एका बिस्किटाचं वेष्टन.
बिस्किट बाजारात येण्याआधीच कंपनी बुडाली होती.
दोन ओळींचं उत्तर आलं.
त्यातल्या अक्षरांमधलं अंतर इतकं सुरेख
की तेच जास्त लागलं.

दुसऱ्या वेळी म्हटलं, आता दाखवतेच.
आठ महिने एकाच पोस्टरवर:
काखेत कळसा, गावाला वळसा.
दोन ळ.
ळ म्हणजे आडवा आठ, पण पुरता न मिटलेला;
डावं पोट फुगलं की उजवं रुसतं.
टे नदीवरून धुकं यायचं, काचेला टेकून बसायचं,
मी एका वळणातून केसभर शाई काढून घ्यायची
आणि पहाटे परत घालायची.
त्यांनी लिहिलं, देखणं आहे,
पण काय सांगतंय ते कळलं नाही.
चूक त्यांची नव्हती.
पोस्टर कपाटामागे ठेवलं, तोंड भिंतीकडे.

आता जिन्यातला कागद.
आमच्या जिन्याला आठ घरं, डबे तीन:
राखाडी, निळा, तपकिरी.
कुठला कधी बाहेर काढायचा यावरून
तळमजल्याची इशबेल गेडिस आणि वरचा टोमॅश
दोन वर्षं बोलत नव्हते.
इशबेलला मोतीबिंदू, निळा नि राखाडी एकच.
टोमॅश रात्रपाळीचा,
त्याचा मंगळवार बुधवारी दुपारी उजाडतो.
एका रविवारी वैतागून मी पुठ्ठा कापला.
रंग नाहीत. गोल, चौकोन, चंद्रकोर,
बोटांना लागतील असे उठावाचे,
तेच आकार डब्यांच्या झाकणांवर चिकटवले.
वारांऐवजी फक्त: आज झोपण्याआधी.

पोर्टफोलिओत बारावी जागा रिकामी राहिली
म्हणून त्याचा फोटो घातला.
जिन्याचा पिवळा उजेड, कोपऱ्यात कुणाची तरी ओली छत्री.

उत्तर आलं तेव्हा मी सुपरमार्केटात
फ्लॉवरचा गड्डा हातात घेऊन.
घेतलं होतं.
खाली कुणीतरी जोडलेलं वाक्य:
तो जिन्यातला कागद पहिल्या पानावर हवा की नको
यावरून आमच्यात भांडण झालं.
मशीन सांगत राहिलं, वस्तू पिशवीत ठेवा,
वस्तू पिशवीत ठेवा,
मागचा माणूस खाकरला.

नाशिकला भावाला फोन केला.
पैसे किती मिळतात?
मिळत नाहीत. वर्षाला साठ पौंड भरायचे.
म्हणजे तूच भरायचे?
हो.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, अभिनंदन गं,
आणि मनापासून म्हणाला, मला कळतं.

इशबेलला सांगायला खाली गेले
तर ती दारातच, हातात नगरपालिकेचं पत्र,
नाकाला लावलेलं.
एक तारखेपासून सगळे वार बदलतायत, पोरी.
चंद्रकोर आता पंधरा दिवसांनी.
तुझा कागद खोटा झाला.
टोमॅश कठड्यावरून वाकून म्हणाला,
कोपरे मी सोडवतो, तू रंग खरवडू नकोस.

रात्री घरात शोधलं,
एवढा मोठा कागद एकच होता.
कपाटामागून ओढला, धूळ झटकली.
चांगला जाड आहे.
पाठ कोरी.