टोपी

झिबलाबाईचं पान कुटायचं नळकांडं
लोणारे साहेबांनी ओसरीवर पालथं केलं.
राख, थुंकी, धोतराचा कोपरा.
बुडावर अक्षरं उमटली:
चाळीस एमएम, बोफोर्स, त्रेचाळीस साल.
"विमान पाडायचं होतं बाई, यानं."
"इकडं त निरे बगळेच उडतेत."

पुलगावच्या डेपोत छत्तीस वर्षं
साहेबांनी अशी बुडं बोटांनी वाचली.
आता बोट मधल्या टोपीवर थांबलं.
गुळगुळीत.
खळगा नाही.
म्हणजे घोडा पडलाच नाही कधी.

आणि आतून तीस वर्षं बत्ता,
सकाळ-संध्याकाळ,
सुपारी, कात, एखादी लवंग.

साहेबांनी ते पोत्यावर आडवं ठेवलं,
तोंड घराकडून वळवून
पऱ्हाटीकडे.

बोळकं तोंड पुसत बाईनं विचारलं,
"मंग आता कुटू का नोको?"